चिंगीला ‘सोड’ शिकवताना

आमच्या तासगाव भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये जिकडं बघाल तिकडं बेदाणा. घरी कुणी आलं की चहाच्या आधी हातावर बेदाणे पडतात. त्याच मायेनं गेल्या हंगामात दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बेदाणा वाळवायच्या शेडवर आमच्या चिंगी कुत्रीला मूठभर बेदाणे घातले. रॅकखाली सांडलेले तिनं आणखी वेचून खाल्ले.

रात्री उलट्या सुरू झाल्या. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नसतो, आणि वाळलेला बेदाणा वजनावारी द्राक्षापेक्षा जास्त घातक. सांगलीला डॉक्टरांकडे दोन दिवस सलाईन, रोज रक्ताची तपासणी. किडनी नीट चालते का ते दाखवणारं क्रिएटिनिन ठीक आलं म्हटल्यावर आई तिथंच बाकावर बसून रडली.

घरी आलो आणि ठरवलं, बसणं, हात देणं सगळं नंतर. आधी ‘सोड’.

उकडलेल्या चिकनचा तुकडा मुठीत धरून मूठ तिच्या नाकासमोर नेली. तिनं हुंगली, चाटली, पंजा मारला, पुढच्या दातांनी बोटांची कातडी हलकेच कुरतडली. मी गप्प. मूठ उघडायची नाही, ओरडायचंही नाही. मिनिटभरानं कंटाळून तिनं ओलं नाक बाजूला घेतलं, त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणून दुसऱ्या हातातला तुकडा दिला. दुसऱ्याच हातातला. सोडायला सांगितलेली वस्तू तिला कधीच मिळता कामा नये, नाहीतर ‘सोड’चा अर्थ ‘थांब, मिळेल’ असा होऊन बसतो. ती आपणहून नाक काढायला लागल्यावरच मी तो शब्द जोडला. मग उघडा तळवा, मग जमिनीवर पायाखाली, मग साखळी लावून चालताना. दिवसातून दोनदा, जेवणाआधी, पाच-पाच मिनिटं.

सगळ्यात अवघड गेलं ते घरच्यांना शिकवणं. आई ‘टाक’ म्हणायची, दादा ‘हाड’, भाचा नुसताच ‘ए’. बिचारीनं ऐकावं कुणाचं? शेवटी फ्रिजवर कागद चिकटवला: फक्त ‘सोड’, आणि तेही एकदाच.

यंदा माल झाडायच्या दिवशी साखळी हातात धरूनच तिला शेडवर नेलं. जाळीवरून बेदाणे टपटप खाली पडत होते. एक तिच्या पायाशी घरंगळला. तिनं मान खाली घातली. ‘सोड,’ मी म्हणाले. मान तशीच राहिली, कान तेवढे मागं गेले. मग तिनं वर माझ्याकडं बघितलं. मी खिशातली चिकनची पुडी अख्खी तिच्यापुढं रिकामी केली.

दादा काही बोलले नाहीत. कोपऱ्यातला खराटा घेतला आणि रॅकखालची जागा झाडायला लागले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते स्वतःच झाडतात.