गोठ्यातील १४४ नोंदी

प्राण्यांचे वर्तन आणि कल्याण या विषयाच्या दूरस्थ अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला तेव्हा माझे वय ४१ होते, मुलगा दहावीत जाणार होता आणि गोव्यातील साखळी शहरातल्या पतसंस्थेतील नोकरी सोडण्याचा प्रश्नच नव्हता. वाळपईहून सुटणाऱ्या सकाळच्या बसमध्ये जागा मिळाली तर मी वाचत असे आणि उभे राहावे लागले तर ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकत असे. पाळीव प्राण्यांच्या कल्याणाची ‘पाच स्वातंत्र्ये’ ब्रिटनमध्ये १९७९ साली मांडली गेली, वर्तनशास्त्रज्ञ टिनबर्गेन यांचे वर्तनाविषयीचे चार प्रश्न १९६३ मधले, एवढे बसमध्ये पाठ होते. प्रत्यक्ष निरीक्षणाचा प्रकल्प मात्र बसमध्ये होत नाही.

एका जनावराची चोवीस तास, दर दहा मिनिटांनी नोंद करायची होती. म्हणजे १४४ नोंदी. आमच्या घरची गाय मी निवडली आणि रजा वाचावी म्हणून शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ अशी वेळ ठरवून घरातल्या सर्वांना पाळ्या वाटून दिल्या. आधी वर्तनसूची, म्हणजे गाईचे कोणते वर्तन कोणत्या शब्दाने नोंदवायचे याची यादी, केली. पुस्तकातील इंग्रजी शब्दाला ‘आडवे होणे’ हा प्रतिशब्द सुचत होता, पण आपल्याकडे गाय ‘बसते’, आडवी पडलेली गाय म्हणजे आजारी गाय, म्हणून सूचीत मी ‘बसणे’ हाच शब्द ठेवला. गणेश चवथीनंतरचा पहिला प्रयत्न फुकट गेला, कारण मुलाने सहा नोंदी एकाच बैठकीत भरल्या होत्या, आणि त्या क्षणी पाहिलेले नसेल तर ती नोंद नव्हे.

दुसऱ्या खेपेला, सप्टेंबरअखेरीस, सासूबाईंनी पहाटेच्या रकान्यात तीनदा ‘रुसली’ असे लिहिले. दिसले तेवढेच लिहायचे, मनातले नाही, हे मी समजावू लागले तेव्हा त्या रागावल्या: ‘‘चाळीस वर्षे गुरे राखते गो मी, मला दिसले तेच लिहिले.’’ मग मी नेमके काय दिसले ते विचारले. गाय उठायला मागचा भाग किंचित उचलते, थांबते, समोर पाहते आणि पुन्हा बसते, असे त्यांनी सांगितले. माझ्या सगळ्या वहीत इतकी चांगली नोंद दुसरी नव्हती. गाय आधी मागचा भाग उचलते आणि त्यासाठी मान पुढे झोकून वजन पुढे टाकते. आमच्या गाईच्या तोंडासमोर हातभर अंतरावर भिंत होती आणि दावेही आखूड होते. उठणे अवघड झाले की गाय बसायलाही कचरते, हे मी वाचले होते, पण आमच्याच गोठ्यात ते मला दिसले नव्हते. त्या दिवशी बसल्याच्या नोंदी फक्त ४१ भरल्या, म्हणजे सात तासांनाही दहा मिनिटे कमी. दुभती गाय साधारण दहा ते बारा तास बसते.

यजमानांनी खुंटा भिंतीपासून मागे घेतला आणि दावे लांब केले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा मोजले तेव्हा बसल्याच्या नोंदी ६१ झाल्या, म्हणजे दहा तास दहा मिनिटे. मी आनंदाने अहवाल पाठवला आणि परीक्षकांनी गुण कापले: दरम्यान पाऊस थांबून गोठ्याची जमीन कोरडी झाली होती, आणि ओल्या जमिनीवर गाय कमीच बसते, तेव्हा फरक दाव्यामुळे पडला असे कशावरून? त्यांचे म्हणणे बरोबर होते. खुंटा हलवताना जमीन ओली की कोरडी, याचा एक रकाना मी ठेवायला हवा होता.

त्यामुळे आता जूनमध्ये पाऊस लागला की खुंटा आहे तिथेच ठेवून तिसरी मोजणी करायची आहे. पहाटेची पाळी सासूबाईंनी मागून घेतली आहे. मुलगा तेव्हा अकरावीत असेल आणि त्याने आपली पाळी आताच नाकारली आहे.