लोविना: बालीच्या उत्तरेला, काळ्या वाळूवर

आधीच सांगून टाकते, बाली म्हणून रीलमध्ये जे दाखवतात त्यातलं फारसं काही लोविनाला मिळणार नाही. वाळू काळी-राखाडी, लाटा जवळपास नाहीतच, आणि रात्री दहानंतर रस्त्यावर कुत्री आणि एखादा स्कूटरवाला, बस. एका मैत्रिणीने "अगं तिकडे फक्त म्हातारे डच लोक जातात" असं ऐकवलं होतं आणि ते अगदीच खोटं नाही, पण आमच्याबरोबर सासूबाई होत्या, दक्षिणेतल्या कुटा-सेमिन्याकच्या ट्रॅफिकने सगळ्यांचं डोकं उठलं होतं, आणि मला तर असंच ठिकाण हवं होतं.

विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आणि लोविना उत्तर किनाऱ्यावर, मधे ज्वालामुखींची रांग आडवी. अंतर साधारण नव्वद किलोमीटर पण तीन तास धरूनच चाला, वाटेत थांबलात तर अर्धा दिवस. ड्रायव्हरसकट गाडी ठरवून डोंगरातल्या बेदुगुलमार्गे जा, म्हणजे ब्रातान तलावातलं उलुन दानु देऊळ वाटेतच होतं. तिथे वर चांगलाच गारठा असतो, एखादं जॅकेट हाताशी ठेवा, सुटकेसच्या तळाशी नको. पुढे बुयान तलावाच्या कडेने उतरताना माळशेजसारखी वळणं लागतात, गाडी लागणाऱ्यांनी आवळासुपारी घरूनच आणावी. रस्त्याच्या कठड्यावर माकडं बसलेली असतात, काच खाली करून खायला वगैरे देऊ नका, चष्मा जातो.

लोविना हे एक गाव नाही बरं का. किनाऱ्याला लागून असलेल्या बऱ्याच गावांना मिळून हे नाव पडलंय, कालीबुकबुक, कालीआसेम, अंतुरान, तेमुकुस वगैरे. हॉटेल बुक करताना नकाशात नीट बघा, "लोविना" म्हणून बुक केलेली खोली मुख्य वस्तीपासून चार किलोमीटर लांब निघू शकते. चालत जेवायला जायचं असेल तर कालीबुकबुकच्या आसपास राहा, डॉल्फिनचा मोठा पुतळा आहे ना, तिथे. शांतता हवी असेल तर अंतुरानकडे.

लोविना या नावाची गोष्टही भारी आहे. बुलेलेंगच्या, म्हणजे बालीच्या याच उत्तर भागाच्या, राजघराण्यातले पांजी तिस्ना, जे कादंबरीकार म्हणूनही नावाजलेले होते, त्यांनी 1953 च्या सुमारास इथे किनाऱ्यावर तीन खोल्यांचं छोटं गेस्टहाऊस बांधलं आणि त्याचं नाव लोविना ठेवलं. त्याआधी ते फिरतीवर असताना काही आठवडे मुंबईत राहिले होते आणि तिथला सुट्टीसाठी नीट आखलेला समुद्रकिनारा बघून ही कल्पना सुचली असं सांगतात. कुठला किनारा असेल यावर आमच्यात बराच वाद झाला, नवरा म्हणे जुहू, सासूबाई म्हणे गिरगाव. असो. सत्तर-ऐंशीच्या दशकात बॅकपॅकर इथे यायला लागले, मग गर्दी दक्षिणेला वळली आणि हे जसं होतं तसं राहिलं. जुने बंगले, पुढे व्हरांडा, बांबूच्या खुर्च्या, बागेत चाफा. काही हॉटेलं खरंच थकलेली आहेत, नळ गळतोय, गादी बसलीय, तेव्हा फोटोंवर जाऊ नका, अलीकडचे रिव्ह्यू वाचा.

वाळू काळी का तर सगळा ज्वालामुखीचा दगड झिजून आलेला. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, फक्त तो कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाला आणि इथला आगुंग ज्वालामुखी 2017 मध्येसुद्धा धूर-राख ओकत होता, विमानतळ बंद ठेवायला लागला होता. काळी वाळू दुपारी इतकी तापते की अनवाणी चार पावलं टाकता येत नाहीत, चप्पल लागतेच. पण पाणी एकदम शांत, बाहेर प्रवाळाची रांग आहे त्यामुळे लाटा तिथेच मोडतात. सासूबाई साडी खोचून गुडघाभर पाण्यात निवांत उभ्या राहिल्या, कुटाला त्यांना मी पाण्याजवळ जाऊ दिलं नसतं. किनारा चकाचक नाही, पावसानंतर ओढ्यातून पालापाचोळा आणि प्लॅस्टिक येतं, ती तयारी ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे महिने, तेव्हा जाणं बरं. संध्याकाळी हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला जावाचे डोंगर दिसतात.

आता डॉल्फिन. किनाऱ्यावर पाय ठेवल्यापासून "डॉल्फिन? टुमॉरो?" सुरू होतं, एकाला नाही म्हटलं की दुसरा उगवतो, हसून नाही म्हणत राहायचं. बोटीला जुकुंग म्हणतात, अरुंद होडी, दोन्ही बाजूला बांबूचे आडवे आधार, आत माणसं एकामागे एक अशीच बसतात. पहाटे सहाच्या आत निघतात. अंधारात निघालो तेव्हा फार छान वाटलं, पाणी तेलासारखं स्थिर, मागे डोंगरावर उजाडत होतं. आणि मग डॉल्फिनच्या पाठीवरचा पहिला पर दिसला आणि चाळीस-पन्नास बोटींनी एकदम तिकडे नाक वळवून इंजिनं सोडली. डॉल्फिन बुडाले, शंभर मीटरवर वर आले, परत सगळ्या बोटी तिकडे. डॉल्फिन दिसतात यात शंका नाही, बहुतेक गिरक्या घेत उडी मारणारे स्पिनर, पण हा पाठलाग बघवत नाही. आमच्या नावाड्याला "पेलान-पेलान", म्हणजे हळूहळू, असं सांगितलं, तो हसला आणि लांब जाऊन इंजिनच बंद केलं. दहा मिनिटांनी बाकीच्या बोटी भलतीकडे पळाल्या आणि चार-पाच डॉल्फिन आमच्या शेजारून आरामात गेले, श्वासाचा फुस्स आवाज ऐकू आला. म्हणून माझा सल्ला, ग्रुप बोटीत बसू नका, आपली वेगळी बोट घ्या, आणि पाठलाग करायचा नाही हे पैसे ठरवतानाच सांगा. लाइफजॅकेट आहे का तेही आदल्या दिवशी बघून घ्या. बोटीवर सावली नसते, टोपी न्या. पाण्यात उतरून डॉल्फिनबरोबर पोहायची ऑफर कोणी दिली तर सरळ नाही म्हणा.

तिथून पुढे बंजारचे गरम पाण्याचे झरे, गाडीने जवळच. दगडी नागांच्या तोंडातून गंधकाचं हिरवट-पिवळं कोमट पाणी कुंडात पडतं आणि त्या धारेखाली खांदे धरून बसायचं, गुडघे-कंबरवाल्यांना तर स्वर्ग. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, चांदी काढून ठेवा. सासूबाईंची जोडवी आणि माझे पैंजण दोन्ही काळे पडले, नंतर टूथपेस्टने घासत बसलो. फिकट रंगाचा पोहण्याचा ड्रेसही नको. सकाळी लवकर जा, रविवारी तर स्थानिक लोकांचीच तोबा गर्दी असते.

सिंगराजा शहरही बघा, डच काळात ही बालीची राजधानी होती. तिथे गेदोंग कीर्त्या नावाचं 1928 मध्ये सुरू झालेलं ग्रंथालय आहे, ताडपत्रांवरच्या पोथ्यांचं. सरकारी कचेरीच्या वेळा असतात, शनिवार-रविवार सोडून जा. पुढे कुबुतंबाहानला मेदुवे कारांग देवळाच्या भिंतीवर सायकलवर बसलेला माणूस कोरलाय, मागचं चाक चक्क फुलाचं! तो निउवेनकाम्प नावाचा डच चित्रकार, 1904 मध्ये इकडे सायकलवरून फिरला होता म्हणे. देवळात जायला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं कापड, आणि कमरेला पट्टा लागतो, भाड्याने मिळतात, पण आम्ही एकेक सारोंग विकत घेतला, तो मग टॉवेल, चादर, सगळ्याला उपयोगी पडला. सकाळी दारादारात, फुटपाथवर, स्कूटरवरसुद्धा नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं, भात आणि उदबत्ती ठेवलेली असते, त्याला चनांग म्हणतात. त्यावर पाय देऊ नका, ओलांडू नका, बाजूने जा. आमच्या दारातल्या चनांगमधला भात रोज कोंबडी खायची आणि मालकीणबाईंना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

खाण्याचं सांगते कारण हाच प्रश्न सगळे विचारतात. शाकाहारी असाल तर तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू, गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) यावर छान निभतं, पण सांबल या चटणीत बऱ्याचदा तेरासी म्हणजे कोळंबीचं वाटण असतं, "तान्पा तेरासी" असं आधीच सांगा. मासे खाणाऱ्यांची मजाच आहे, केळीच्या पानातला भाजलेला मासा आमच्याकडे रोज व्हायचा. नळाचं पाणी पिऊ नका. अराक ही गावठी दारू तर मोहात पडूनही नको, मिथेनॉलमुळे लोक मेलेत.

पैशांचं: आम्ही गेलो तेव्हा व्हिसा ऑन अरायव्हल पाच लाख रुपिया होता, शिवाय फेब्रुवारी 2024 पासून दीड लाख रुपियाचा पर्यटक कर लागतो, तो ऑनलाइन भरून क्यूआर कोड फोनमध्ये ठेवा. आकडे बघून छातीत धस्स होतं, पण लाखाचे आपले साडेपाचशेच्या आसपास धरा. तिथल्या एटीएममधून बऱ्याचदा आधी पैसे येतात, कार्ड मागून, त्यामुळे नोटा मोजत निघून जाऊ नका. अ‍ॅपवर टॅक्सी मिळेलच असं लोविनाला धरू नका. स्कूटर भाड्याने कोणीही देतं, पण दुचाकीचा शिक्का असलेलं इंटरनॅशनल परमिट नसेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

आणि तारखा ठरवताना न्येपी बघा. तो त्यांच्या शक वर्षाचा पहिला दिवस, बऱ्याचदा आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. त्या दिवशी विमानतळ बंद, रस्ते बंद, पर्यटकांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही, रात्री दिवेसुद्धा मंद.

किती राहायचं? दोन रात्री कमीत कमी, मेंजांगान बेटावर स्नॉर्केलिंग करायचं असेल तर तीन, कारण तो अख्खा दिवस जातो. परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र दक्षिणेतच काढा, घाटात एखादा ट्रक अडकला की तीन तासांचे पाच होतात.