डिफेनेस्ट्रेशन

आज दिवसभर हा एकच शब्द डोक्यात घोळतोय. अर्थ एवढाच की कुणालातरी खिडकीतून बाहेर फेकणं. लॅटिनमधे फेनेस्त्रा म्हणजे खिडकी, जर्मन शिकलेल्यांना फेन्स्टर लगेच आठवेल. विचित्र इंग्रजी शब्दांच्या यादीत तो हमखास असतो, लोक मजेत वापरतात, पण प्रागची हकिकत वाचल्यापासून मला तो हलक्यात घेता येईना.

२३ मे १६१८, प्रागचा किल्ला. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, प्रोटेस्टंटांना सम्राट रुडॉल्फने १६०९ मधे धर्मपालनाची मोकळीक लेखी दिलेली, पुढे कॅथलिक राज्यकर्ते ती मोडायला लागले, एक चर्च बंद केलं, एक तर पाडलंच, मग चिडलेले सरदार थेट कचेरीत घुसले, जाब विचारला आणि स्लावाटा आणि मार्टिनिट्झ या दोन कॅथलिक कारभाऱ्यांना उचलून खिडकीबाहेर टाकलं, पाठोपाठ त्यांचा कारकून फाब्रिसियसलाही, त्या बिचाऱ्याचा काय दोष! स्लावाटाने म्हणे चौकट घट्ट धरली होती तर त्याच्या बोटांवर तलवारीच्या मुठीने हाणलं. ती बोटं काही डोळ्यांसमोरून जात नाहीत. जवळजवळ ७० फूट खाली पडूनही तिघं जगले. कॅथलिक म्हणाले मेरीमातेने झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले खाली उकिरडा होता.

ते वाचले, पण त्यातून जे तीस वर्षांचं युद्ध पेटलं ते १६४८ पर्यंत विझलं नाही. आपल्याकडे शिवरायांचा जन्म १६३० चा, तेव्हा तिकडे हे युद्ध ऐन भरात होतं. जर्मनीतले मुलूखच्या मुलूख ओस पडले, तलवारीपेक्षा भुकेने आणि रोगराईनेच जास्त माणसं गेली. बंडातल्या २७ जणांना १६२१ मधे प्रागच्या जुन्या चौकात देहदंड दिला, तिथल्या फरसबंदीत आजही २७ पांढरे क्रॉस आहेत.

आणि प्रागमधे हे पहिल्यांदा नव्हतं. १४१९ मधे हुसपंथीयांनी, म्हणजे यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांनी, नगरसभेच्या लोकांना असंच फेकलं होतं, ते मेले. मग १९४८, कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यावर दोनच आठवड्यांत चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्रमंत्री यान मासारिक आपल्याच घराच्या बाथरूमच्या खिडकीखाली अंगणात मेलेले सापडले. आत्महत्या की खून, चौकशी परत परत झाली, त्यातली एक २०१९ मधे उघडली आणि २०२१ मधे काहीच न ठरता बंद केली. मला विचाराल तर ती बंद करायला नको होती.