पोडावर नेट न्यायला किती लागतं

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या गावांत मी घरोघरी फायबरची, म्हणजे काचेच्या तारेवरच्या इंटरनेटची जोडणी देतो. कोलाम आदिवासींच्या पोडांवरचे, म्हणजे वस्त्यांवरचे लोक भेटले की एकच विचारतात, "भाऊ, यवतमाळात चारशेत नेट भेटते, मंग आमच्या पोडावर काऊन नाही आणून राहिले?" प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेबच मांडतो.

एक पोड धरा. मुख्य गावापासून तीन किलोमीटर, तीसेक घरं. खांबांवरून केबल न्यायची तर पन्नास मीटरला एक असे 60 खांब लागतात. साधा लोखंडी खांब बाराशेचा धरला तरी 72 हजार झाले. केबल मीटरला दहा रुपये, म्हणजे 30 हजार. डबे, एका तारेतला उजेड अनेक घरांत वाटणारे स्प्लिटर, मजुरी यांचे पंचवीस हजार. सव्वा लाख इथंच संपला. तीस घरांपैकी जोडणी घेणारी सात. कर सोडून चारशेप्रमाणे महिन्याला 2800 येतात, त्यातले निम्मे वर कंपनीला जातात. भांडवल निघायलाच साडेसात वर्षं लागतात, तेही एकदाही तार तुटली नाही तर. यवतमाळात एका इमारतीखाली आठ जोडण्यांचा डबा लावला की तो त्याच जिन्यात भरतो.

आणि तार तुटते. उन्हाळ्यात रस्त्याचं काम निघालं की जेसीबी केबल उपटतो, ठेकेदार दुसऱ्या दिवशी ओळखही दाखवत नाही. जमिनीखालून न्यावी तर वर काळी माती, जी पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्याखाली लागतो काळा पाषाण. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला जंगल लागलं की वनविभागाची परवानगी आली.

तुटलेली तार जोडायला स्प्लायसिंग मशीन लागते, तिची किंमत लाखाच्या घरात. रस्त्याच्या कडेला ताडपत्री धरून बसायचं, तारेतली केसाएवढी काच स्पिरिटनं पुसायची, कटरनं सरळ कापायची आणि मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. वाऱ्यानं धुळीचा एक कण आला की जोड वाया. मग मीटर लावून बघायचं. ग्राहकाच्या घरी तारेतल्या उजेडाची ताकद मीटरवर उणे 27 डीबीएमच्या खाली गेली की घरातल्या मोडेमवरचा लाल दिवा लागतो आणि फोन सुरू होतात. हे काम येणारा पोरगा गावात असेल तर नेट दोन तासांत परत येतं. तो जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचा असेल तर आठवडा जातो.

सरकारी पैसा नाही असं नाही. मोबाईल कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के कापून 2002 पासून एक निधी जमतो. त्याचं आताचं नाव डिजिटल भारत निधी. म्हणजे तो तुमच्या-माझ्या रिचार्जचाच पैसा. त्यातूनच गावोगावी फायबर न्यायची केंद्राची भारतनेट योजना चालते. 2011 मध्ये मंजूर झालेली ही योजना आधी अडीच लाख ग्रामपंचायतींपुरती होती. पण आमच्याकडे गटग्रामपंचायती आहेत, एका पंचायतीत तीन-चार गावं, तांडे, पोडं. फायबर पंचायतीतल्या यंत्रांच्या कपाटापर्यंत येतं आणि तिथंच थांबतं. पंचायतीचं वीजबिल थकलं की कपाटही बंद.

2023 मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटला 1,39,579 कोटी मंजूर केले. यात पंचायतीपलीकडची गावंही घेतली आहेत आणि तार टाकणाऱ्यानंच ती दहा वर्षं सांभाळायची आहे. मला यातली सांभाळायची अटच सगळ्यात मोलाची वाटते. आजवर किलोमीटर मोजून बिलं निघाली. चालू जोडण्या मोजून निघाली असती तर आमच्या भागाचं चित्र वेगळं असतं.

कारण गरज आता चैनीची राहिलेली नाही. रेशनचा अंगठा, किसान सन्मानचं केवायसी, ई-पीक पाहणी सगळं नेटवर. 2025 पासून सीसीआयला, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाला कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागते. राज्यातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींपैकी एक म्हणजे कोलाम. त्यांच्या शेतकऱ्यानं सिग्नलसाठी टेकडीवर चढायचं आणि नोंदणीची तारीख हुकली की कापूस पडत्या भावात खाजगी व्यापाऱ्याला द्यायचा, हे मला सहन होत नाही.

पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी नक्की विचारा. आपल्या पंचायतीच्या फायबरची देखभाल कोणाकडे आहे, आणि तुटल्यावर किती तासांत जोडायचं करारात लिहिलंय. उत्तर ठरावाच्या वहीत नोंदवून घ्या. तार जोडणाऱ्या माणसाचा पगार देखभालीच्याच पैशातून द्या आणि माणूस आपल्याच गटग्रामपंचायतीतला ठेवा, हेही त्याच ठरावात टाका.