गाडी आपणहून ब्रेक मारते, पण तिला दिसतं का?

गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग हा माझा धंदा. हल्ली बंपर रंगवायला आलेलं गिऱ्हाईक ऐटीत सांगतं, 'आपली गाडी स्वतःच ब्रेक मारते.' मी त्याला आधी त्या बंपरमागचा रडार दाखवतो. तळहातावर मावेल एवढी चपटी डबी. ७७ गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडायच्या आणि आपटून परत आल्या की समोरचं वाहन किती लांब आहे, किती वेगाने जवळ येतंय ते ओळखायचं, हे तिचं काम. लहरींची लांबी जेमतेम चार मिलिमीटर. म्हणून रडारसमोरच्या भागावर पुट्टी भरून मेटॅलिक रंगाचे दोन हात जास्त मारले, तर माणसाच्या डोळ्याला चकाचक दिसणारा बंपर रडारला मोतीबिंदूसारखा होतो. कित्येक कंपन्या त्या भागात पुट्टी चालणारच नाही, बंपर नवा टाका, असं सांगतात. गिऱ्हाईकाला वाटतं, हा बिल फुगवतोय.

रडार ज्यावर बसवलेला असतो तो ब्रॅकेट वाकला असेल तर आणखी पंचाईत. रडार एका अंशाने जरी फिरला, तरी शंभर मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते, म्हणजे जवळपास अर्धी लेन. रस्ता बघणाऱ्या, समोरच्या काचेमागच्या कॅमेऱ्याचंही तेच. काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा सरळ लावून तपासणं, करावं लागतं, आणि ते टाळण्यासाठी लोक जेवढी घासाघीस करतात तेवढी रंगाच्या शेडसाठीही करत नाहीत. नजर थोडीशी चुकली तर डॅशबोर्डवर दिवा लागेलच असं नाही. गाडी गप्प राहते आणि मालक निर्धास्त.

बरं, सगळं जागच्या जागी असलं तरी एक अडचण मुळातच आहे. रस्त्यावरच्या कमानी, पाट्या, कठडे, गटाराची लोखंडी झाकणं, या सगळ्यावरून रडारच्या लहरी परत येतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालवणंच अशक्य. म्हणून अनेक यंत्रणा मोठ्या वेगात स्थिर वस्तूंवर सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत. याचा अर्थ, बंद पडून लेनमध्ये उभा असलेला ट्रक, जिथे मदतीची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ती चुकण्याची शक्यता जास्त. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. वाचतो कोण?

स्थिर वस्तू गाळून टाकणारी ही चाळणी सैल केली की उलटा त्रास. रस्ता मोकळा आणि गाडी कचकन थांबते. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने याच तक्रारींवरून होंडाच्या सीआर-व्ही आणि अ‍ॅकॉर्ड मिळून सुमारे १७ लाख गाड्यांची चौकशी सुरू केली होती. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. मागच्याला भानावर यायला दीड सेकंद लागला, तर ब्रेकला पाय लागेपर्यंतच तो ३३ मीटर पुढे आलेला असतो. मागे कोण किती चिकटून येतंय याचा हिशेब ही यंत्रणा सहसा करत नाही. मग माझ्याकडे भांडण येतं. मागचा म्हणतो, याने उगाच ब्रेक मारला. पुढचा म्हणतो, मी पायसुद्धा लावला नाही. दोघंही खरं बोलत असतात आणि खर्च बहुतेक वेळा मागच्याच्या डोक्यावर बसतो.

यावर काही जण मला ही यंत्रणा कायमची बंद करून द्या म्हणतात. ते मी करत नाही. मागून ठोकण्याचे अपघात या ब्रेकमुळे निम्म्याने कमी झाल्याचं अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने आकडेवारीतून दाखवलंय. पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत तिच्याच २०२२ च्या अभ्यासात अपघात २७ टक्क्यांनी कमी दिसले. पण दिवे नसलेल्या रस्त्यावर, अंधारात, काहीच फरक दिसला नाही. आता अमेरिकेतला २०२४ चा नियम रात्रीची चाचणीही मागतो, सप्टेंबर २०२९ पासूनच्या नव्या गाड्यांसाठी.

नव्या गाड्यांसाठी, हे महत्त्वाचं. चाचणीला उभी राहते ती कोरी करकरीत गाडी. दोनदा ठोकलेली, तिसऱ्या मालकाकडे गेलेली, बंपरवर कुणी किती पुट्टी भरलीय याचा पत्ता नसलेली गाडी कुणी तपासत नाही. जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकता, टायर बघता, तसा कॅलिब्रेशनचा रिपोर्टही मागा. नसेल तर ते काम करून घ्यायचा खर्च किमतीतून कापायला लावा.