तुम्ही विचारलंत म्हणून: भावाला मारणाऱ्याला माफ केलं का?

लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरकडे नंबर लावून बसले असताना, कुठेही हा प्रश्न येतो. आणि आमच्या इंदूरमध्ये विचारणाऱ्याच्या मनात बहुधा सिस्टर राणी मारिया या ख्रिस्ती नन असतात. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरहून इंदूरला येताना त्यांना बसमध्ये भोसकलं. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी दयेची मागणी केली, २००६ मध्ये तो सुटला. "त्यांनी केलं, मग तुम्ही...?" लोक वाक्य तिथेच सोडतात.

त्या बहिणीला मी मनापासून हात जोडते. मला ते जमलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ अनंत चतुर्दशीच्या रात्री गेला. मिल बंद पडल्या तरी कामगार झांक्या, म्हणजे चित्ररथ, काढतात, अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. त्या गर्दीत एका गल्लीच्या तोंडाशी धक्काबुक्की झाली आणि वीस वर्षांच्या एका मुलाने चाकू काढला. भाऊ २३ वर्षांचा होता. पंचनाम्यात त्याच्या वस्तूंची यादी होती: घड्याळ, पाकीट, चप्पल एक, उजव्या पायाची. मी त्या 'एक'पाशी अडकले ते कायमची. रात्री जाग आली की डोक्यात तेच, डावी कुठे गेली?

खटला चार वर्षं चालला. आरोपीच्या वकिलाचं पहिल्यापासून एकच म्हणणं, हा तिथे नव्हताच. मला साक्षीला बोलावलं ते मृतदेह मी ओळखला एवढं सांगायला. खटला सरकारचा, आम्ही नुसते साक्षीदार. खून हा आपल्या कायद्यात तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर पैसेवाले तेराव्याच्या आत समझोत्याचा कागद घेऊन दारात उभे राहतील. पण जिथे शिक्षा टाळायला नाकारतच राहावं लागतं, तिथे खरं कोण सांगणार? पुनर्स्थापक न्याय म्हणतात, म्हणजे गुन्हा करणारा आणि ज्याचं नुकसान झालं तो समोरासमोर बसून बोलतात, तो सुरूच होतो कबुलीपासून. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात अल्पवयीन गुन्हेगारांसाठी अशी बैठकच घालून दिली: गुन्हा करणारा, त्याच्या घरचे आणि ज्याचं नुकसान झालं तो, सगळे एका खोलीत. त्याबद्दल वाचलं तेव्हा मला माफी वगैरे काही सुचलं नाही. मला चप्पल आठवली.

शिक्षा लागून सहा वर्षं झाल्यावर मी भेटीसाठी अर्ज केला. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा परवानगी मिळाली. जाळीपलीकडे तो बसला होता, केस विरळ झालेले, नजर खाली. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले आणि विचारलं, "उसकी दूसरी चप्पल कहाँ गई?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हाथ में थी उसके, दीदी. टूट गई थी. मुझे लगा मारने को उठाई है."

गर्दीत चपलेचा अंगठा तुटला होता. ती हातात घेऊन भाऊ कडेला सरकत होता. चाकू नाल्यात टाकला तेव्हा चप्पलही टाकली, असं तो म्हणाला. मग रडायला लागला. मी त्याला रडू नकोस म्हटलं नाही, आणि उठूनही गेले नाही. वीस मिनिटं संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो.

तर, माफ केलं का? तो शब्द माझ्या तोंडून अजून निघालेला नाही, आणि कुणी तो माझ्याकडून काढून घ्यायला बघू नये एवढीच विनंती आहे. पुढे त्याच्या पॅरोलच्या वेळी पोलीस विचारायला आले, तेव्हा हरकत नाही म्हणून मी सही केली. त्या भेटीनंतर रात्री जाग येते, पण डोक्यात चप्पल नसते.

आईला मात्र हे सांगायला मला वर्ष लागलं. ती देवासाठी वाती वळत होती. ऐकून हात थांबले.

"नवी घे म्हणून सकाळीच म्हटलं होतं मी त्याला," ती म्हणाली. "दिवाळीला घेईन म्हणाला."