शेजारचा छोटा दांडा

महिंद्राच्या थारमध्ये मोठ्या गिअरच्या शेजारी जो छोटा दांडा असतो ना, टू एच, फोर एच, एन, फोर एल असं लिहिलेला (टू एचला इंजिनचा जोर नुसत्या मागच्या दोन चाकांना, फोर एचला चारही चाकांना, एन म्हणजे न्यूट्रल, आणि फोर एलला जोर चारही चाकांना पण संथ), त्याच्यावर लोकांनी काय काय अडकवलेलं पाहिलंय मी. मास्कचे दिवस होते तेव्हा मास्क, मग केसांचे रबर, एका गाडीत तर तुळशीची माळ. गाडी घेताना फोर बाय फोरच पाहिजे म्हणून घरात भांडायचं, वर जास्तीचे पैसे मोजायचे आणि मग त्याची खुंटी करायची. अर्थात बाणेरहून हिंजवडीला जायला टू एच पुरतं. (पावसाळ्यात तेही छातीठोकपणे सांगता येत नाही म्हणा.)

बरं ज्यांना वापरायची हौस असते ते थेट डांबरी रस्त्यावर फोर एच टाकतात, ग्रिप वाढते म्हणून. आता या गाड्यांत फोर एच टाकलं की पुढच्या आणि मागच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांनी सारखंच फिरायचं. पण वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात आणि मागची छोटा. चिखलात कुठलंतरी चाक जरा घसरून तो फरक मिटवतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते. मग यू टर्न घेताना स्टिअरिंग जड होतं, गाडी कुंथत कुंथत वळते, आणि नंतर दांडा टू एचला यायला तयार नाही, अडकून बसतो. अशा वेळी ओढाताण करू नये, सरळ रिव्हर्स टाकून चार हात मागे जावं, टकदिशी सुटतो.

एन ची गंमत वेगळीच. जाता-येता धक्का लागून दांडा अर्धवट सरकला की गाडी गिअरमध्ये, रेस दिली तर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. लगेच गॅरेजला फोन, क्लच प्लेट गेली. यात हसण्यासारखं असलं तरी उतारावर हे फार वाईट, कारण एन मध्ये गाडी पहिल्या गिअरला लावून ठेवली तरी चाकांना काही धरून राहत नाही, ऑटोमॅटिकचं पार्किंगसुद्धा नाही. जो काय आधार तो हँडब्रेकचा.

पण माझा खरा जीव आहे तो फोर एल वर. जुलैत मावळात नाहीतर वेल्ह्याकडे भाताच्या खाचरांच्या कडेने उतरणारी वाट असते, मधोमध गवत, दोन्हीकडे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि त्यात गुडघाभर पाणी. गाडी थांबवायची, क्लच पूर्ण दाबायचा, दांडा एन ओलांडून खाली घ्यायचा, खट्ट, मीटरवर दिवा लागला का बघायचं, पहिला गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा आणि त्यानंतर काही म्हणजे काही करायचं नाही. दोन्ही पाय पेडलवरून काढून खाली ठेवायचे. थारमध्ये फोर एलला चाकांचा वेग जवळपास अडीच पटीने कमी होतो आणि जोर तेवढाच वाढतो, त्यामुळे नुसत्या आयडलिंगवर ती तासाला तीन-चार किलोमीटरने, म्हणजे आपण चालतो त्याहीपेक्षा सावकाश, उतरत राहते. इंजिनच चाकांना धरून ठेवतं.

आणि हे काही न करणं भयंकर अवघड आहे हो! बॉनेटपलीकडे नुसतं आभाळ दिसतंय, गाडी नाक खाली घालतीये, आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. चिखलात ब्रेक दाबला की चाकं लॉक, स्टिअरिंग कितीही फिरवा गाडी सरळच घसरत जाणार. क्लच दाबला तर त्याहून वाईट, इंजिनची पकडच सुटली. आमच्यातला एक दादा शेजारी बसून फक्त एवढंच ओरडत असतो, "पाय काढ... अरे पाय काढ ना, ती उतरतीये स्वतःची स्वतः!" वीस वर्षं मुंबई-पुणे करणारी मंडळी या एका गोष्टीला घाबरतात, आणि गाडीवर कालच हात बसलेली पोरं निवांत उतरतात.

वाळूचं मात्र सगळं उलटं. तिथे टायरमधली हवा कमी करून, वेग न मोडता जायचं, फोर एलच्या पहिल्या गिअरमध्ये रेस दिली की चाक स्वतःचाच खड्डा खणतं. आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर कृपा करून शिकू नका, गुन्हा दाखल होतो आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

पूर्वी जुन्या जिप्सीत आणि जीपगाड्यांत कित्येकदा खाली उतरून पुढच्या चाकांचे हब (चाकाचा मधला भाग) हाताने फिरवून लॉक करावे लागायचे, तेव्हा कुठे इंजिनचा जोर पुढच्या चाकांना मिळायचा, म्हणजे चिखलात शिरायच्या आधीच विचार करणं भाग होतं. आता स्कॉर्पिओ-एन, थार रॉक्स वगैरेंमध्ये मड, सँड, स्नो असे मोड आलेत, निवड केली की किती रेस द्यायची, कुठल्या चाकाला ब्रेक लावायचा ते गाडीच बघते. चांगलंच आहे, तक्रार नाही. फक्त आपल्याकडे स्नो मोड कधी लावायचा, तर महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याची बातमी येते त्या सकाळी बहुतेक.

आणि एवढं सगळं करूनही गाडी रुततेच कधीतरी. मग वाडीवरून ट्रॅक्टर येतो. त्यालाही हाय-लोचा दांडा असतो, आणि गावातली माणसं तो शाळेत असल्यापासून वापरतात, त्यामुळे थारचा फोर एल त्यांना समजावून सांगावा लागत नाही. टोचन लावायचं, लो चा पहिला टाकायचा, क्लच सोडायचा आणि मागे वळून आपल्याशी बोलत बसायचं, कुठून आलात, केवढ्याला घेतली, ॲव्हरेज काय देते.